जाड अक्षर

शिरूर
शनिवार, २२ फेब्रुवारी २००३

७८६

आयेशाबी,

माझ्या पोराला खोकला झाला हे मला दौंडहून कळावं? ईदच्या पत्रात तुम्ही आपलं सहज लिहून टाकलंत, "मुजीबमियांचा खोकला आता बरा आहे." कवा झाला खोकला? कुणाला सांगितला त्यानं? मी त्याची आई हाय का शेजारीण हाय?

मी सरळ बाई हाय, सरळ विचारते. माझ्या पोराची पत्रं तुम्ही उघडता का न्हाई?

कुवेतला जाताना मुजीब काय म्हणाला ते तुमच्या समोरच म्हणाला. कागदाचं पत्र यायला पंधरा दिवस लागतात, कॉम्प्युटरवरचं त्याच दिवशी येतं. दोन्ही घरांसाठी एकच खातं काढलं. खात्याचं नाव आन् पासवर्ड लिहून दोन चिठ्ठ्या केल्या, एक मला दिली, एक तहमीनाला. तवा मी काही बोलले न्हाई. सून माझीच हाय. पण ती पहिल्या बाळंतपणाला तुमच्याकडं आली तशी तिच्या पेटीतनं ती चिठ्ठीबी दौंडला आली. हे मी विसरले. तुम्ही विसरला नसाल.

मला इंग्रजी येत न्हाई, आन् मुजीबचं पत्र मराठीच असलं तरी इंग्रजी अक्षरात येतं. इनामगावच्या शाळेत चौथीपर्यंत गेले, तिथंच पाटी फुटली. पण मी डोळे मिटून बसणारी बाई न्हाई. इथं साहेबराव मास्तरांचा टायपिंगचा क्लास हाय. एका भिंतीला जुने टाइपरायटर, दुसऱ्या भिंतीला चार कॉम्प्युटर. मास्तरांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं, मेहरुनबाई, न वाचलेलं पत्र जाड अक्षरात दिसतं, एकदा उघडलं की बारीक होतं. मुजीबचं नाव मी ओळखते, सुरुवातीला दोन डोंगर असतात. दर शनिवारी मी जाते, मास्तरांच्या खुर्चीमागं उभी राहते आन् दोन डोंगर जाड दिसतात का बघते. जानेवारीच्या मध्यापर्यंत दर शनिवारी दिसायचे. मास्तर वाचून दाखवायचे, मी उत्तर सांगायची. मग बंद. पाच शनिवार झाले. मी विचारते, मास्तर, जाड हाय का? मास्तर म्हणतात, न्हाई. मी जिना उतरून घरी येते.

वर मास्तरांची बोलणी खाते ती वेगळीच. आज म्हणाले, तुमच्या गादी कारखान्याचा कापूस माझ्या तीन नंबरच्या मशीनच्या बटणांत अडकतो, जरा अंग झटकून येत जा. अहो, मी मशीनला बोट लावत न्हाई! ज्याला त्याला मीच सापडते.

तिकडं लढाई होणार म्हणतात. टीव्हीवर रोज रणगाडे दाखवतात आन् हे लोक बातम्या लागल्या की चहा मागतात. मुजीबच्या अब्बांकडं बोलायची सोय न्हाई. पोरगा गादीचं काम सोडून वेल्डर होऊन गेला, त्या दिवशी "मला पोरगा न्हाई" म्हणाले आन् तेव्हापास्नं त्याचं नाव त्यांच्या तोंडात आलं न्हाई. सप्टेंबरपास्नं. मी पोराचं काही बोलायला लागले की उठून कारखान्यात जातात आन् मशीन सुरू करतात. त्या आवाजात काय बोलणार?

फोनवर तुमच्याशी भांडता येत न्हाई. मीटर पळतं आन् पीसीओतलं अख्खं शिरूर ऐकतं. म्हणून लिहिलं. उत्तर द्या.

मेहरुन


दौंड
बुधवार, २६ फेब्रुवारी २००३

मेहरुनआपा,

सलाम. तुमचं पत्र पोस्टमनने तहमीनाच्या हातात दिलं आणि तिने माझ्याआधी वाचलं. दुपारभर ती जेवली नाही. नववा लागलाय तिला, पायांना सूज आहे. एवढं तुमच्या कानावर घालते आणि मग तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते.

आम्ही उघडत नाही. दौंडात कॉम्प्युटरचं दुकान स्टेशनसमोर दुसऱ्या मजल्यावर आहे. तहमीना जानेवारीपासून एकही जिना चढलेली नाही. मी चढले तर मला तिथे काय कळणार? तिचे अब्बा रेल्वेच्या कामावरून येतात ते पाठ धरूनच. ती चिठ्ठी तिच्या पेटीत साडीच्या घडीत आहे, मी आज काढून पाहिली आणि परत ठेवली.

खोकल्याचं कसं कळलं ते ऐका. मुजीबमियां बायकोला महिन्याला एक कागदाचं पत्र टाकतात. नवराबायकोचं पत्र आहे, ते काय मास्तरांच्या खुर्चीमागे उभं राहून ऐकायचं असतं? त्यात खोकल्याचं होतं. तुम्ही आई आहात हे कुणी नाकारलं नाही, पण त्यांचं लग्न तुम्हीच लावलंत ना?

आता मुद्द्याचं. त्याच पत्रात त्यांनी लिहिलंय, "अम्मीला दर गुरुवारी लिहितो. शुक्रवारी सुट्टी असते म्हणून गुरुवारी कामानंतर शहरात जाऊन लिहून येतो." तहमीनाने ती ओळ मला बोट ठेवून दाखवली. म्हणजे पत्रं येतायत. तुम्हाला दिसत नाहीत.

आपा, तुम्ही फक्त जाड बघता. येत्या शनिवारी बारीक मोजा. दोन डोंगरांच्या बारीक ओळी किती आहेत ते मोजा, आणि तुम्ही स्वतः ऐकलेली पत्रं किती ते आठवा. जास्त निघाल्या तर कुणीतरी उघडतंय. ते कोण ते मग बघू. तोवर माझ्या लेकीला काही लिहू नका, जे लिहायचं ते मला लिहा.

आयेशा


शिरूर
सोमवार, ३ मार्च २००३

७८६

आयेशाबी,

तहमीनाला जेवायला घाला. तिला लिहिलं नव्हतं, तुम्हाला लिहिलं होतं. तिच्यासाठी डिंकाचे लाडू बांधलेत, कुणी दौंडला निघालं की पाठवते.

मोजलं. मास्तरांना म्हटलं, सरका जरा, आज मला काचेजवळ येऊ द्या. बोट टेकवून मोजलं. मी ऐकलेली पत्रं चौदा. कशी म्हणाल तर प्रत्येक पत्राला मी कॅलेंडरवर हळदीचं बोट लावते. मशीनवर दोन डोंगरांच्या ओळी वीस. सहा जास्त. सहाच्या सहा बारीक.

मास्तरांकडं बघितलं तर ते चष्मा पुसायला लागले. मी म्हटलं, सगळ्यात वरचं वाचा. ते म्हणाले, क्लासची वेळ झाली. मी म्हटलं, मास्तर, मी इथंच बसकण मारते, तुमच्या पोरींना माझ्या मांडीवर बसवून टायपिंग शिकवा. मग वाचलं. ऐका काय होतं ते. मास्तरांनी वाचलं तसं मी क्लासमधल्याच कागदावर उतरून घेतलं, चार ओळींना अर्धा तास लागला.

"अम्मी, तुझं पत्र मिळालं. तू लिहिलंस तसं फोमवर झोपणं बंद केलं, पाठीला बरं वाटतंय. कापसाची गादी इथं मिळाली पण बसलेली हाय, दर पंधरा दिवसांनी उन्हात टाकतो. आम्हाला तोंडाला लावायचे मुखवटे दिलेत, भोंगा वाजला की लावायचे. रोज दोनदा वाजवून बघतात. तू परत ये लिहितेस. ते एवढं सोपं न्हाई, अम्मी. का ते तुला ठाऊक हाय."

आयेशाबी, मी हे पत्र लिहिलंच न्हाई! जानेवारीपास्नं मी एक ओळ पाठवली न्हाई. तो लिहीत न्हाई तर मी कशाला लिहू, म्हणून मीबी तोंड फुगवून बसले होते. आन् इकडं माझ्या नावानं कुणीतरी माझ्या पोराला पत्रं लिहितंय. गादी उन्हात टाक म्हणतंय, परत ये म्हणतंय. पोराला वाटतं अम्मीच हाय.

परत ये हे तर मलाबी वाटतं. पण ते मी सांगायचं का कुठल्या चोरानं? आन् "का ते तुला ठाऊक हाय" म्हंजी काय? मला काही ठाऊक न्हाई.

मास्तरांना विचारलं, कोण येतं? तर म्हणाले, दिवसाला तीस लोक येतात, मी काय सगळ्यांच्या पाठीमागं उभा राहतो? तोंड मात्र पडलं होतं.

माझा जीव थाऱ्यावर न्हाई. उद्या ह्या चोरानं लिहिलं, तिथंच राहा, तर? पोरगा राहील. भोंगे वाजतायत तिथं.

मेहरुन


दौंड
गुरुवार, ६ मार्च २००३

मेहरुनआपा,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा घाबरून, दुसऱ्यांदा विचार करून. तिसऱ्यांदा वाचताना मला हसू आलं. रागावू नका.

तुमच्या चोराला काय काय येतं बघा. फोमवर झोपलं की पाठ धरते हे त्याला कळतं. कापूस बसला की गादी उन्हात टाकायची, आणि पंधरा दिवसांनीच टाकायची, हे त्याला कळतं. मुजीबने परत यावं असं त्याला तुमच्याइतकंच वाटतं. चिठ्ठी तुमच्या घरातली त्याच्या हाताला लागते. आणि तो जिथे बसतो त्या तीन नंबरच्या मशीनच्या बटणांत कापूस अडकतो.

तुम्ही म्हणालात मी मशीनला बोट लावत नाही. मग कापूस कुणाचा, आपा?

शुक्रवारी मुजीबमियांचे अब्बा, अल्लाबक्षभाई, जुम्म्याच्या नमाजनंतर कुठे जातात ते बघा. पत्र गुरुवारी येतं, तुम्ही शनिवारी जाता. मधे शुक्रवार आहे.

आयेशा


शिरूर
रविवार, ९ मार्च २००३

७८६

आयेशाबी,

तुमचं पत्र शनिवारी दुपारी हातात पडलं. पण त्याच्या आधीच, परवा शुक्रवारी, मी स्वतःच पाळत ठेवायला गेले होते. गुरुवारी आलेलं पत्र शनिवारच्या आत उघडतं, म्हंजी चोर शुक्रवारी येतो, त्याला धरायचाच म्हणून. मास्तरांच्या समोर कापडाचं दुकान हाय, तिथं परकराचं कापड बघत उभी राहिले. चार तागे उलगडायला लावले. दुकानदार वैतागला.

दीड वाजून गेल्यावर आमचेच साहेब आले. डोक्यावर टोपी, मिशीत कापूस. जिन्यापाशी थांबून इकडंतिकडं बघितलं आन् वर गेले. मी त्या कापडाचा तागा हातातनं सोडला.

मी दुकानाच्या माडीवर गेले, तिथनं मास्तरांची खिडकी समोर दिसत होती. बिलं लिहिण्यापुरती इंग्रजी अक्षरं येतात ह्यांना, तेवढ्यावर तीन नंबरच्या मशीनवर एका बोटानं टकटक करत होते. एक अक्षर हुडकायचं, दाबायचं, परत वाकून बघायचं. चष्मा न्हाई, नाक काचेला टेकलेलं. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, ह्या माणसाला मी कशाकडं असं वाकून बघताना पाह्यलं न्हाई. माझ्याकडं तर न्हाईच.

ते गेल्यावर मी वर गेले आन् मास्तरांना धरलं. म्हटलं, सहा आठवडे तुम्ही माझ्या तोंडावर खोटं बोलता? मास्तर म्हणाले, "मेहरुनबाई, तुम्ही विचारलंत जाड हाय का, मी म्हटलं न्हाई. ह्यात खोटं कुठंय? अल्लाबक्षनं मला शपथ घातलीय. एक गाडा कापूस पिंजून देतो म्हणाला, पण मी फक्त शपथच घेतली." वर म्हणतात, "उघडल्यानं अक्षर बारीक होतं हे त्याला ठाऊकच न्हाई. त्याला वाटतं, आपण नुसतं बघतो." आयेशाबी, सहा आठवडे मी चुलीपुढं बसून म्हणतीय, पोरगं मला विसरलं, आन् हा माणूस समोर गप भाकरी मोडतोय. पोटात सहा पत्रं घेऊन!

घरी गेल्यावर ह्यांना फाडून खाणार होते. पण गुरुवारचं नवं पत्र मास्तरांनी वाचलं आन् मी तिथंच कागद मागून घेतला. लिहिते.

"अम्मी, कंपनीनं विचारलंय कुणाला घरी जायचंय. तिकीट तेच देणार. अठरा तारखेपर्यंत नाव द्यायचं, नंतर विमानं मिळतील का न्हाई सांगता येत न्हाई. तू चार वेळा लिहिलंस ये. पण अम्मी, मी तुझ्या शब्दावर येणार न्हाई. अब्बांनी एक ओळ लिहिली तर त्याच दिवशी नाव देतो. तू त्यांच्या नावानं लिहिलेली ओळ मला नको. मला कळेल."

आता सांगा. बाप आईच्या नावानं लिहितो, ये, ये. पोरगा आईला उत्तर देतो, बापाची ओळ आण. आन् बाप ते वाचून परत आईच्या नावानं लिहितो! परवा काय टकटक करत होते ठाऊक हाय? मास्तरांनी पाठवलेल्या पत्रांतलं काढून दाखवलं. "अब्बांच्या मनात राग न्हाई. तू ये. तुझी अम्मी." एवढं लिहायला पाऊण तास. त्यापेक्षा स्वतःचं नाव लिहायला कमी अक्षरं लागली असती.

तोंडावर बोलले तर ते जिना चढणं सोडून देतील. मी ओळखते त्यांना. "मी न्हाई गेलो" म्हणतील आन् मशीन सुरू करतील. मग ती ओळ कवाच जाणार न्हाई.

मी मास्तरांना विचारलं, बारीक झालेलं परत जाड करता येतं का? त्यांनी इकडंतिकडं हुडकलं आन् म्हणाले, येतं. म्हटलं, करा. केलं. पत्र होतं तसं झालं, जसं कुणी वाचलंच न्हाई. आता ते रोज जातात असं मास्तर म्हणाले, नमाज असो नसो. जाऊ देत. ते बारीक करतील, मी जाड करीन.

अठरा तारीख. नऊ दिवस.

मेहरुन


दौंड
बुधवार, १२ मार्च २००३

मेहरुनआपा,

हा खेळ करायची वेळ आहे का? नऊचे सहा दिवस राहिले. नवऱ्यासमोर ताट ठेवता ना? मग ताट ठेवा आणि म्हणा, मला सगळं ठाऊक आहे, लिहा पोराला. नाहीतर मी येते शिरूरला. अल्लाबक्षभाईंसमोर पदर पसरायची मला लाज नाही, माझी लेक आहे.

आणि तुम्हीच का लिहीत नाही मुजीबला, की ती पत्रं अब्बांचीच होती? मी तहमीनाला हे म्हटलं तर ती म्हणाली, "उपयोग नाही. खातं एकच आहे. कुणीही लिहिलं तरी त्यांना तिथून अम्मीच दिसते. अब्बांनी नाव घालून लिहिलं तरी ते म्हणतील, अम्मीनेच घातलं. अब्बांनी असं काहीतरी लिहायला हवं जे अम्मीला ठाऊकच नाही." मी विचारलं, असं काय आहे? ती म्हणाली, तिलाही ठाऊक नाही. जायच्या दिवशी बापलेक कारखान्यात दोघंच होते. तिथून बाहेर आल्यावर मुजीबमियांनी कुणाला काही सांगितलं नाही.

तिला सकाळपासून पाठीत कळा आहेत. नर्सबाई म्हणाल्या, अजून वेळ आहे. मला तसं वाटत नाही.

आयेशा


शिरूर
शनिवार, १५ मार्च २००३

७८६

आयेशाबी,

तहमीनाचं काय ते लगेच कळवा. जीव तिकडं लागलाय.

इकडचं ऐका. रविवारी ह्यांनी बारीक केलं, सोमवारी सकाळी मी जाड केलं. सोमवारी दुपारी ह्यांनी परत बारीक केलं. मंगळवारी मी जाड. मास्तर म्हणाले, तुम्ही दोघं एकदमच या, एकमेकांसमोर बसा, माझा जिना तरी झिजणार न्हाई. बुधवारी ह्यांनी मास्तरांना विचारलं म्हणे, मशीन बिघडलंय का? मास्तर म्हणाले, मशीन ठीक हाय.

काल शुक्रवारी, ताबुतांच्या दिवशी, दुपारी जेवायला बसले. भाकरी नुसती चिवडत होते. मग ताटाकडं बघतच म्हणाले, "कॉम्प्युटरवर वाचून झालेलं पत्र परत जाड का होतं गं?"

असं विचारलं, जसं कुणा तिऱ्हाइताचं पत्र असावं.

तुमचं पत्र माझ्या कमरेला होतं. वाटलं आता सगळं तोंडावर फेकावं. पण ह्यांनी मोडलेला तुकडा तसाच परत ताटात ठेवला. मी भाजी वाढली आन् म्हटलं, "ज्याचं उत्तर दिलं न्हाई ते जाडच राहतं."

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी ह्यांच्याकडं. बराच वेळ. आयेशाबी, मी सत्तावीस वर्षांत नवऱ्याशी एवढं बोलले नसेन. मग हात धुतला, टोपीसुद्धा विसरले आन् निघून गेले. ताटात अर्धी भाकरी.

संध्याकाळी आले. कारखान्यात गेले न्हाईत. ओट्यावर बसून राहिले, मी चहा दिला तो प्यायले. मी विचारलं न्हाई. त्यांनी सांगितलं न्हाई.

आज सकाळी मी मास्तरांकडं गेले. ते म्हणाले, बसा. आजवर कवा बस म्हणाले नव्हते. पाठवलेल्या पत्रांतलं सगळ्यात वरचं काढलं. मास्तर वाचताना दोनदा थांबले. तुम्हाला जसंच्या तसं लिहिते.

"मुजीब. मी अल्लाबक्ष. आधीची पत्रंबी माझी. जायच्या दिवशी तू कारखान्यात म्हणालास, अब्बा, कापसात माझा दम कोंडतो, लहानपणापासून कोंडतो, तुम्हाला कवा दिसलं न्हाई. मी मशीन सुरू केली आन् ऐकू आलं न्हाई असं दाखवलं. ऐकू आलं होतं. तू लहान असताना खोकायचास तेबी ऐकू यायचं. ये. कापसाला हात लावू नको. वेल्डिंगचं दुकान टाकू, कारखान्याची पुढची खोली रिकामी केली हाय. बाप."

मला हे ठाऊक नव्हतं. एकाच घरात राहून ठाऊक नव्हतं. पोरगं खोकायचं तवा मी म्हणायची, थंड पाणी पिऊ नको.

घरी येऊन पुढच्या खोलीत बघितलं. गाद्या मागं सरकवल्यात. झाडून घेतलंय. कवा झाडलं कुणास ठाऊक.

आता तीन दिवस. उत्तर आलेलं न्हाई. दुपारी मी परत गेले. हेबी आले. जिन्यावर गाठ पडली, एकत्र वर गेलो. मास्तरांनी खुर्च्या दोन ठेवल्यात.

मेहरुन


दौंड
बुधवार, १९ मार्च २००३

मेहरुनआपा, अल्लाबक्षभाई,

मुलगी झाली. सोमवारी सकाळी सहा वाजता, सरकारी दवाखान्यात. वजन चांगलं आहे. रंग मुजीबमियांचा, आवाज तुमचा, आपा. तहमीना ठीक आहे, अशक्त आहे.

ती पहिला प्रश्न तोच विचारते. आलं का? काल अठरा तारीख होती. तुमच्याकडून काही आलं नाही म्हणून तिला सांगते, पोस्टाला वेळ लागतो. तिला पोस्ट किती दिवसांत येतं ते ठाऊक आहे.

तिचे अब्बा स्टेशनवरच्या पीसीओतून कंपनीच्या नंबरला तीनदा फोन लावून आले. नुसती शिट्टी वाजते.

बाळाचं नाव ठेवायचं थांबवलंय.

आयेशा


शिरूर
शनिवार, २२ मार्च २००३

मुजीब,

मी अम्मी बोलते. साहेबराव मास्तर टाइप करतात, मी सांगते तसं. ह्या वेळी खरंच मीच हाय. खोटं वाटत असेल तर ऐक. तू दुसरीत असताना पाटीवरच्या पेन्सिलीचा तुकडा नाकात घातला होतास आन् अब्बांना सांगू नको म्हणून माझे पाय धरले होतेस. मी आजपर्यंत सांगितलं न्हाई. आता ते माझ्या मागं उभे हायेत, त्यांनी ऐकलं.

तुला मुलगी झाली. सोमवारी सकाळी सहा वाजता, दौंडला. तहमीना बरी हाय. पोरीचं नाव ठेवलं न्हाई. तुझ्या सासूबाई म्हणतात, थांबू. मी कुणासाठी थांबणारी बाई न्हाई हे तुला ठाऊक हाय. पण थांबते.

अब्बांचं पत्र तुला चौदा तारखेला पाठवलं. ते त्यांचंच हाय. मी लिहिलेलं न्हाई. मला जे ठाऊकच नव्हतं ते मी कसं लिहिणार? आता ठाऊक झालंय. त्याच्यावर तुझ्याशी बोलायचं हाय, पण ते समोर बसून. इथं बोलायचं न्हाई, मास्तरांची बोटं दुखतात.

परवा गुरुवारी लढाई सुरू झाली. टीव्ही मी बंद करते, हे लावतात. हे बंद करतात, मी लावते. अठरा तारखेला तू नाव दिलंस का न्हाई, एवढंच आम्हाला पायजे. विमानात बसलास का, कुठं अडकलास का, भोंग्याच्या आवाजात बसलायस, तो मुखवटा तुझ्या तोंडाला नीट बसतो का न्हाई, ते मी विचारत न्हाई. विचारलं तर मास्तर टाइप करेनात.

अब्बा म्हणतात, त्याला लिही, खोकला झाला असेल तर गरम पाणी पी. लिहिलं.

तुझ्या ओळी मी मोजते. एकवीस. सगळ्या बारीक. शेवटची सहा तारखेची. त्यानंतर ह्या पेटीत आलेलं एकबी तुझं न्हाई. दोन डोंगरांची जागा मला पाठ झालीय, डोळे मिटले तरी दिसते. रोज सकाळी आम्ही दोघं येतो. आता एकट्यानं उघडायचं न्हाई असं ठरलंय. अब्बांनी कबूल केलंय, मास्तर साक्षीदार. जाड दिसलं की दोघांनी मिळून उघडायचं.

लांबलचक लिहू नको. येतो लिही. न्हाई येत लिही. बापावर राग हाय लिही, माझ्यावर राग हाय लिही. काहीच सुचलं न्हाई तर नुसतं तुझं नाव लिही आन् पाठव, मला तेवढं वाचता येतं.

शुक्रवारी अठ्ठावीस तारखेला जुम्म्याची नमाज झाली की आम्ही इथं येऊन बसणार. त्याच्या आत मला ह्या काचेवर तुझं नाव जाड दिसलं पायजे.

तुझी अम्मी